खोली कुठे संपते?

खेळाचा लेव्हल एडिटर पहिल्यांदा उघडणाऱ्याची समजूत असते की इथे भिंती बांधायच्या आहेत. चार भिंती झाल्या की खोली, खोल्या जोडल्या की मॅप. ‘डूम’सारख्या खेळाच्या एडिटरमध्ये ही समजूत फार काळ टिकत नाही. तिथे मॅपला आधी सांगावं लागतं की अमुक जागा ही एक जागा आहे, तिची जमीन इतक्या उंचीवर, छत इतक्या उंचीवर, उजेड इतका. भिंत कुठे दिसेल, हे त्या सांगण्यावरून ठरतं.

‘एक जागा’ म्हणजे नेमकं काय, यावर एका मामा-भाचीचा वाद झाला. तो खाली मांडला आहे. मामा ‘डूम’चे मॅप करत आले आहेत आणि नव्या मुलांना ते शिकवतात. भाची आर्किटेक्चर शिकली आणि तिथून लेव्हल डिझाइनकडे वळली. मॅप करणं ही पूर्ण लक्ष देऊन शिकण्याची विद्या आहे, याबद्दल दोघांच्या मनात शंका नाही. शिकायला सुरुवात कुठून करायची, इथे मात्र त्यांचं बिनसतं.

भाची : मामा, तुझी शिकवण्याची पद्धतच मला पटत नाही. एडिटर उघडला की तू लगेच व्हर्टेक्स, लाइन, सेक्टर, टॅग सुरू करतोस. मी आधी त्यांना मॅपमध्ये चालायला लावेन. कुठे अडखळलात, कुठे मोकळं वाटलं, कुठे मागे वळून बघावंसं वाटलं, ते विचारेन. जागा पायांना कळते. आकडे नंतर.

मामा : चालू दे की, माझी कुठे ना आहे? पण चालून आल्यावर तो पोरगा स्वतःचा मॅप करायला बसणार. तेव्हा त्याला जे ‘मोकळं’ वाटलं होतं, ते मॅपला कुठल्या रूपात माहीत आहे हे कळायला नको? ‘डूम’ बाजूला ठेव. त्याच्या आधीचा ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ घे, १९९२चा. तिथे हे सगळं इतकं उघडं आहे की लपवायला जागाच नाही.

भाची : तो चौकटींचा खेळ. ६४ गुणिले ६४.

मामा : तोच. प्रत्येक चौकटीत एक आकडा. काही आकडे म्हणजे भिंती, काही म्हणजे दारं. आणि १०७पासून पुढचे आकडे मोकळ्या जमिनीचे. आता सांग, जमीन सगळीकडे सारखीच करडी दिसते, तर तिला एकच आकडा पुरला असता. मग खेळाने अशा ३७ क्षेत्रांची सोय का ठेवली?

भाची : खोल्यांना नंबर द्यायला?

मामा : आवाजासाठी. तू बंदूक चालवलीस की कुठला पहारेकरी दचकणार, हे त्या आकड्यांवर ठरतं. प्रत्येक दाराच्या दोन्ही बाजूंना कुठलं क्षेत्र आहे ते खेळ बघतो. दार उघडलं की त्या दोन क्षेत्रांची जोडणी नोंदवतो, बंद झालं की काढून घेतो. तू उभी आहेस त्या क्षेत्राशी ज्याचं क्षेत्र उघड्या दारांनी जोडलेलं आहे, त्याच पहारेकऱ्याला तुझी चाहूल लागू शकते. बाकीच्यांना तू दिसतही नाहीस आणि ऐकूही येत नाहीस. म्हणजे खोली कुठे संपते हे भिंतीने सांगितलेलंच नाही. खेळाडूला कधीही न दिसणाऱ्या, जमिनीवर लिहिलेल्या आकड्याने सांगितलं आहे.

भाची : आणि मॅप करणाऱ्याने दोन लांबच्या खोल्यांना एकच आकडा दिला तर?

मामा : तर खेळाच्या लेखी ती एक खोली. इथे गोळी झाडली की तिथला पहारेकरी जागा. मध्ये कितीही भिंती असू देत. गुप्त भिंत ढकलली जाते ना, तिचं तर आणखी वेगळं. ती सरकते, वाट मोकळी होते, पण जोडणी नोंदवली जात नाही. नोंद फक्त दारांची होते. म्हणून गुप्त खोलीतल्या पहारेकऱ्याला बाहेरचं ऐकू यायला हवं असेल, तर दोन्ही बाजूंना आकडा एकच द्यावा लागतो. हे चालून कळेल का कुणाला?

भाची : नाही कळणार. पण हे कळण्याची गरज का पडली ते बघ. यंत्राची ताकद कमी होती, म्हणून आवाज क्षेत्रांच्या आकड्यांवर चालवला. ती तडजोड होती. आज ध्वनी भिंतीवर आदळून परततो, त्याचा हिशेब खेळ चालू असताना करता येतो. तुझ्या ३७ क्षेत्रांची शिस्त आजच्या पोरांनी का पाळावी?

मामा : तडजोड होतीच. पण त्या तडजोडीत एक विचार होता, तो आजही लागतो : जागा एक आहे की दोन, हे कुणाच्या दृष्टीने विचारतेयस? आता ‘डूम’कडे ये.

१० डिसेंबर १९९३ला ‘डूम’ आला. चौकटी गेल्या आणि हव्या त्या कोनात रेघा मारता येऊ लागल्या. ‘डूम’ करणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने स्वतःचा एडिटर लोकांना दिला नव्हता. तो नेक्स्ट कंपनीच्या संगणकांवर चालायचा. पण खेळाची माहिती वेगळ्या फाइलीत होती, तिची उकल हौशी लोकांनी केली आणि १९९४मध्येच ‘डीईयू’ नावाचा एडिटर घराघरांतल्या पीसींवर चालू लागला. आजचा ‘अल्टिमेट डूम बिल्डर’ त्याच परंपरेतला. मामांना या इतिहासाचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. एका खेळाचे मॅप लोक तीन दशकं सातत्याने करत राहिले, अशी उदाहरणं फार नाहीत.

मामा : ‘डूम’च्या मॅपमध्ये सेक्टर म्हणजे काय, तर २६ बाइटची नोंद. जमिनीची उंची, छताची उंची, दोन्हींवरचं टेक्स्चर, शून्य ते २५५ मधला उजेड, एक विशेष प्रकार आणि एक टॅग. यात काय नाही ते बघ.

भाची : आकार नाही.

मामा : नाहीच! सेक्टर कुठे आहे, केवढा आहे, चौकोनी की वाकडा, यातलं काहीच त्या नोंदीत नाही. ते रेघा सांगतात. प्रत्येक रेघेला उजवी बाजू असते, काहींना डावीही. रेघ म्हणते, माझ्या उजवीकडे सेक्टर १२, डावीकडे सेक्टर १५. बस. ज्या रेघेला एकच बाजू, ती सलग भिंत. जिला दोन, तिच्या पलीकडे जाता येईल की नाही हे दोन्हीकडच्या उंचीवर. पलीकडची जमीन २४ एककांपर्यंत वर असेल तर पाय आपोआप चढतो. २५ केलीस की ती पायरी राहत नाही, भिंत होते. वर-खाली मिळून ५६ एककांची मोकळीक नसेल तर खेळाडू आत मावत नाही. म्हणजे भिंत ही वेगळी वस्तू आहे का? दोन शेजाऱ्यांच्या उंचीतला फरक डोळ्यांना भिंत म्हणून दिसतो.

भाची : हे सुंदर आहे, मान्य. आर्किटेक्चरमध्ये आम्ही प्लॅन आणि सेक्शन वेगळे काढतो. इथे प्लॅनमध्येच सेक्शन भरलेला आहे.

मामा : आणि दार? ‘डूम’मध्ये दार नावाची वस्तूच नाही. छत जमिनीला टेकवलेला एक अरुंद सेक्टर करायचा, त्याच्या रेघेला दाराचा गुण द्यायचा. खेळाडूने दाबलं की छत वर जातं, शेजारच्या सगळ्यांत बुटक्या छताच्या ४ एककं खाली थांबतं, थोड्या वेळाने परत टेकतं. लिफ्ट म्हणजे जमीन खाली-वर करणारा सेक्टर. पूल, गवाक्ष, टेबल, खांबाचा चौथरा, सगळे सेक्टरच. क्षेत्र हा एकच शब्द शिकलीस की अर्धी भाषा आली. म्हणून मी तिथून सुरुवात करतो.

भाची : आणि इथेच माझा खरा आक्षेप आहे. तू ज्याला क्षेत्र म्हणतोस ते खेळाडूच्या क्षेत्राशी जुळतच नाही. आठ पायऱ्यांचा जिना कर. तुझ्या हिशेबी ते आठ सेक्टर. खेळाडूच्या मनात तो एक जिना. दालनाच्या मध्यभागी उजेडाचा चौकोन पाडायचा तर नवा सेक्टर. कोपऱ्यात सावली हवी, नवा सेक्टर. पहिल्या मॅपमधलं ते हिरव्या रसायनावरच्या नागमोडी वाटेचं दालन घे. कुणाच्याही आठवणीत ती एक खोली आहे. तुझ्या एडिटरमध्ये वाट वेगळी, रसायन वेगळं, भोवतीचा उंबरा वेगळा. गुप्त जागेचं तर हसं होतं. तिचे तीन सेक्टर असले आणि तिन्हींना ‘गुप्त’ म्हणून खूण केली, तर खेळ शेवटी तीन गुप्त जागा मोजतो! जाणकार माणूस एकाच तुकड्याला खूण करतो. म्हणजे खेळाडूची एक जागा आणि तुझी एक जागा जुळत नाहीत, हे तुम्हा लोकांनाही माहीत आहे. नुसती डागडुजी करून चालवता.

मामा : डागडुजी नाही, ते—

भाची : थांब, पूर्ण करू दे. ‘काउंटर-स्ट्राइक’चा डस्ट टू मॅप घे, २००१चा. कुणालाही विचार, तो ‘लाँग’, ‘मिड’, ‘कॅटवॉक’, ‘बी टनेल्स’ अशीच नावं घेईल. खेळाडू एकमेकांशी त्याच नावांनी बोलतात. मॅपच्या भूमितीत त्यांच्या हद्दी नाहीत. ‘लाँग’ कुठे सुरू होतो ते कुठल्याही रेघेवर लिहिलेलं नाही, तरी दहा खेळाडूंमध्ये त्यावर मतभेद होत नाही. पुढे खेळात काय झालं, तर संगणकाने चालवलेल्या बॉट्सना चालता यावं म्हणून जमिनीवर जे छोटे चौकोन पाडलेले असतात, त्यांच्यावर ही ठिकाणांची नावं रंगवायची सोय झाली. अनेक चौकोनांवर एक नाव. म्हणजे यंत्राची क्षेत्रं खाली आणि माणसांची क्षेत्रं त्यांच्यावर. मॅप शिकवायचा तर मी वरच्या थरापासून शिकवेन.

भाचीचा हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. एखाद्या जागेला लोक आपणहून नाव देतात, तेव्हा तिची घडण कुठेतरी बरोबर साधलेली असते : येण्याच्या वाटा मोजक्या, आतून दिसणारं दृश्य वेगळं, आणि तिथे जे घडतं ते शेजारच्या जागेत घडत नाही. हे गुण रेघा मोजून सापडत नाहीत. तरी मामांचं पुढचं उत्तर ऐकल्यावर प्रश्न वाटला होता त्याहून खोल निघतो.

मामा : तू दोन थर म्हणालीस. ‘डूम’च्या मॅपमध्ये मी तुला चार दाखवतो. एक, सेक्टर, जे मी काढतो. दुसरा, मॅप तयार करताना नोड बिल्डर तेच सेक्टर कापतो. कापत जातो, जोवर प्रत्येक तुकडा असा होत नाही की त्याच्या आत कुठूनही कुठेही सरळ बघता येईल, मध्ये कोपरा येणार नाही. त्या तुकड्यांचं झाड रचलं की कुठली भिंत पुढे आणि कुठली मागे हे यंत्राला झटकन कळतं. ही कल्पना फुक्स, केडेम आणि नेलर या तिघांच्या १९८०च्या शोधनिबंधातली, आयडीच्या जॉन कारमॅकने ती ‘डूम’साठी घेतली. तिसरा थर, १२८ गुणिले १२८ एककांची जाळी. गोळी कशावर आदळली, खेळाडू कशाला धडकला, हे बघताना खेळ सेक्टरपासून सुरुवात करत नाही, आधी त्या जाळीतला चौकोन बघतो. चौथा, एक तक्ता. कुठल्या सेक्टरमधून कुठला सेक्टर कधीच दिसणार नाही, याची प्रत्येक जोडीमागे एक बिट. राक्षसाने तुला शोधायच्या आधी तो तक्ता पाहिला जातो. एकच मॅप चार प्रकारे वाटलेला आहे. तुझी माणसांची क्षेत्रं हा पाचवा प्रकार. यातली खरी खोली कुठली?

भाची : माणसांची. बाकीचे चार तिच्या सेवेला.

मामा : बरं. मग आवाजाचं सांग. ‘डूम’मध्ये तू गोळी झाडलीस की आवाज सेक्टरमधून सेक्टरमध्ये पसरत जातो. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात शिरावं तसा, जिथे जिथे रेघेपलीकडे वाट उघडी आहे तिथे तिथे. बंद दारापाशी अडतो, कारण तिथे मोकळीक शून्य. रेघेला ‘आवाज अडव’ अशी खूण करता येते, पण एका खुणेने तो थांबत नाही, दुसरी लागली की थांबतो. अंतराचा इथे काही संबंध नाही. तो शंभर पावलांवरही तितकाच पोचतो. आता तुझं सुंदर दालन घे, ज्याला लोक एका नावाने ओळखतील. त्यातल्या पहिल्या गोळीला कोण कोण जागं होणार हे ठरवलं नाहीस, तर शेजारच्या तीन दालनांतले राक्षस धावत येतील आणि त्या दालनाचं वेगळेपणच मोडेल. माणसांच्या मनातली खोली टिकवायची, तर आवाजाची खोली हाताने आखावी लागते.

भाची : हे मात्र मी लक्षात घेतलं नव्हतं. म्हणजे तुझ्या मते हद्दी जुळवण्यात कसब आहे?

मामा : जुळवण्यात आणि मुद्दाम न जुळवण्यात. ‘डूम’चे मॅप करणारा आयडीचा जॉन रोमेरो एक नियम पाळायचा : जमिनीचं टेक्स्चर बदललं की उंचीही बदलायची. कारण उघड आहे. सेक्टरची हद्द डोळ्यांना दिसली की ती पायांनाही जाणवावी. तिथे दोन प्रकारच्या हद्दी एकत्र आणल्या. आणि दोन लांबच्या तुकड्यांना एकच सेक्टर नंबर देऊन इथल्या गोळीने तिथल्या बंद कोठडीतले राक्षस जागे करतात, तिथे त्या मुद्दाम तोडलेल्या असतात. त्या पाचही वाटण्या ज्याला दिसतात, तोच हे ठरवून करू शकतो.

भाची : तरी तुझ्या आवडत्या एडिटरची एक मोठी मर्यादा तू बोलत नाहीस. खोलीवर खोली होत नाही. नकाशावरच्या एका बिंदूला एकच सेक्टर, म्हणून एकच जमीन आणि एकच छत. मी घरं आखायला शिकले आहे, मला मजले लागतात. ‘क्वेक’ने १९९६मध्येच हे सोडवलं. तिथे क्षेत्र कुणी काढतच नाही. घन ठोकळे मांडायचे, उरलेली पोकळी म्हणजे जागा. आमच्या विद्येला ते फार जवळचं आहे.

मामा : पोकळीला बाहेर उघडणारी एक फट राहिली की कंपाइल करताना ‘लीक’ म्हणून अडतं, ते विसरलीस? कारण आत कुठे आणि बाहेर कुठे हे ठरल्याशिवाय कुठल्या कोपऱ्यातून काय दिसतं याचा हिशेब त्याला करताच येत नाही. तू क्षेत्रं काढली नाहीस, म्हणून यंत्राने काढली. फरक इतकाच की ती तुला नकाशावर दिसली नाहीत.

भाची : आणि मी म्हणते, तेच बरं झालं. माझं लक्ष जागेवर राहिलं.

इथे दोघंही हटले नाहीत आणि हटायचं कारणही नव्हतं. मला स्वतःला शिकणाऱ्यासाठी ‘डूम’ अधिक बरा वाटतो. खोलीवर खोली न होण्याची अट नवशिक्याला वाचवते. सगळा मॅप एका कागदावर वरून दिसतो आणि एका दृष्टिक्षेपात तपासता येतो. पण ज्याला मजले, गॅलऱ्या, जिन्याखालची जागा सुचते, त्याला वर्षभर त्या कागदावर अडकवून ठेवणं अन्यायाचं होईल. भाचीसारख्या मुलीने ‘क्वेक’कडे लवकर जावं.

वाद मिटला नाही, तरी काम सुरू झालं. भाचीने एक छोटा मॅप आखला होता : मधोमध मोठं दालन, उजेड भरपूर, आणि त्याच्या मागे अंधारी कोठडी. खेळाडूने दालनात पहिली गोळी झाडली की कोठडीतले राक्षस जागे व्हावेत आणि भिंत खाली जाईपर्यंत दबा धरून राहावेत, असं तिला हवं होतं.

भाची : तुझी युक्ती वापरते. दालन आणि कोठडी एकाच सेक्टरचे दोन तुकडे.

मामा : मग उजेड?

भाची : उजेड सेक्टरचा असतो. म्हणजे कोठडीही लख्ख होणार.

मामा : आणि जमीनही त्याच उंचीची होणार. तुला तर कोठडी खोल हवी आहे.

भाची : मग दोन वेगळे सेक्टर लागतील, आणि दोघांमध्ये आवाजाला वाट. अरुंद बोळ काढते. खेळाडू ३२ एककं रुंद असतो, बोळ ८चा केला तर तो शिरणार नाही, राक्षसही नाहीत.

मामा : फट दिसेल की.

भाची : छताला चिकटवून देते. जमीन १२०वर, छत १२८वर. मोकळीक शून्याहून जास्त असली की आवाज जातो ना?

मामा : जातो. पण सरळ काढू नकोस. नजर आरपार गेली तर ते तिथूनच गोळीबार सुरू करतील.

भाची : दोन वळणं देते. आणि मामा, ‘अल्टिमेट डूम बिल्डर’मध्ये आवाज कुठवर पोचतो ते रंगांनी दाखवणारा मोड आहे ना? पोरांना पहिल्या दिवशी तो दाखव. तुझे सेक्टर आणि माझ्या खोल्या कुठे जुळत नाहीत, ते त्यांना एका चित्रात दिसेल.

मामा : आधी चालवून आणेन. मग तो मोड.